ॲप्ट (उबुंटूत सॉफ्टवेअर टाकणारा प्रोग्राम) नवीन झाल्यापासून लोकल रेपो बंद पडलाय, हा रिग्रेशन बग (आधीचं चालणारं नव्या व्हर्जनने मोडणं) आहे का?

घोडबंदरकर:

मंडळी, डोक्याला जाम शॉट झालाय म्हणून इथे टाकतोय, पोस्ट लांब आहे, सांभाळून घ्या. ठाण्यात नौपाड्यात एका कॉम्प्युटर क्लासची लॅब बघतो मी, सगळे पीसी उबुंटूवर. आमच्याकडे नेटचा काही भरवसा नाही, कोणी ना कोणी रस्ता खणतं आणि फायबर जाते, त्यामुळे जे काही लागतं ते, म्हणजे मराठी टायपिंगच्या सरावाचं आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने बनवलेलं पॅकेज, प्रिंटरचा ड्रायव्हर, थोडे फॉन्ट, असल्या सगळ्या डेब फायली (उबुंटूची पॅकेजं) एका फोल्डरात टाकून प्रत्येक पीसीवर लोकल रेपो, म्हणजे ॲप्ट जिथून पॅकेज उचलतो तो साठा, करून ठेवलाय. फोल्डर /होम/लॅब/रेपो, त्यात डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस चालवून पॅकेजेस फाइल (आतल्या पॅकेजची यादी) बनवायची, सोर्सेस लिस्टमध्ये फाइल: वाली एक ओळ ट्रस्टेड=येस लावून टाकायची, झालं. सही-बिही काही नाही, रिलीज फाइल पण नाही. उबुंटू २०.०४ वर हे सगळं बिनबोभाट चालायचं.

मे २०२५ मध्ये २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट संपला, तरी क्लासचे सर "चालतंय ना, मग कशाला हात लावता" म्हणत ढकलत राहिले, शेवटी सुट्टीत २२.०४ वर आणलं सगळं. काही पीसी जागेवरच अपग्रेड केले, आणि ज्यांच्या जुन्या हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकल्या त्यांच्यावर फ्रेश इन्स्टॉल मारलं. आता गंमत बघा, अपग्रेडवाले पीसी मस्त चालतात आणि फ्रेशवाल्यांवर ॲप्ट अपडेट मारलं की लोकल रेपोच्या ओळीवर लाल एरर, फेल्ड टू फेच, फाइल नॉट फाउंड. अरे फाइल तिथेच आहे! एलएस ला दिसते, सुडो कॅट (म्हणजे रूटच्या, ॲडमिनच्या अधिकाराने) मारलं तर अख्खी वाचता येते.

त्यात अजून एक, तीच डेब फाइल सरळ ॲप्ट इन्स्टॉल ला पाथ देऊन टाकली तर बसते, फक्त शेवटी एक एन: वाली नोटीस येते, अनसँडबॉक्स्ड ॲज रूट असं काहीतरी. म्हणजे फाइल तीच, ॲप्ट तोच, हातात दिली तर घेतो आणि रेपोतून दिली तर म्हणतो सापडत नाही. याला रिग्रेशन नाही तर काय म्हणायचं? ॲप्ट जुना टाकता येईल का, की लाँचपॅडवर (उबुंटूचे बग नोंदवायची साइट) बग टाकू? क्लास सुरू व्हायला आलेत, सर डोक्यावर बसलेत.

(कमांड देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये तशाच टाकू नका म्हणजे मिळवलं.)

ऐरोली४००७०८:

भाऊ, पहिल्यांदा दोन्ही प्रकारच्या पीसीवर ॲप्ट --व्हर्जन मारून काय येतं ते टाका. आणि एररची ओळ पूर्ण टाका, अर्धी नको, शेवटी कंसात काहीतरी असतं तेच कामाचं असतं. २०.०४ मध्ये ॲप्ट २.० च्या मालिकेतला होता, २२.०४ मध्ये २.४ चा आहे, मध्ये बरंच बदललंय त्यामुळे रिग्रेशन असूही शकतं, पण फ्रेश आणि अपग्रेड यांच्यात फरक पडतोय हे मला खटकतंय. ॲप्टमध्येच बग असता तर दोन्हीकडे बोंबलला असता ना.

/व्हार/लॉग/ॲप्ट मध्ये हिस्टरी डॉट लॉग आहे, त्यात कधी काय बदललं ते तारखेसकट मिळेल.

पीसीवाला_पक्या:

परमिशनचा लोचा असणार. सुडो सीएचमॉड -आर ७७७ /होम मार आणि मोकळा हो. मी सगळीकडे तेच करतो, आजपर्यंत काय प्रॉब्लेम नाय.

टर्मिनल_ताई:

पक्या, असले सल्ले देत जाऊ नकोस रे, समोरचा खरंच मारून बसेल. घोडबंदरकर, हे अजिबात करू नका. होम फोल्डर सगळ्यांना लिहिता येईल असा केला की एसएसएचचा (लांबून लॉगिन करायचा) सर्व्हर कीने लॉगिन करू देत नाही, त्याचं स्ट्रिक्टमोड्स नावाचं सेटिंग बाय डिफॉल्ट चालू असतं आणि घराच्या परमिशन सैल दिसल्या की तो ऑथराइज्ड कीज फाइलकडे बघतच नाही. वर -आर लावल्यामुळे आतल्या प्रायव्हेट की पण उघड्या पडतात, मग त्या पीसीवरून दुसरीकडे एसएसएच करायला गेलात की क्लायंट पण की वापरायला नकार देतो, मोठ्या अक्षरांत वॉर्निंग टाकून. तुम्ही लॅब लांबून सांभाळत असाल तर एका फटक्यात सगळ्या मशीनच्या बाहेर पडाल. नंतर ७७७ उलटं फिरवायची कमांड नसते, कुठल्या फाइलला आधी काय होतं ते कोणाच्या लक्षात राहतंय.

परमिशनचा वास मला पण येतोय पण आधी एरर बघू द्या.

घोडबंदरकर:

ताई धन्यवाद, वाचलो. ऐरोलीवाले दादा, दोन्हीकडे व्हर्जन २.४ चंच आहे, शेवटच्या आकड्यापर्यंत सेम. एररची ओळ अशी: फेल्ड टू फेच फाइल:/होम/लॅब/रेपो/./पॅकेजेस, पुढे फाइल नॉट फाउंड, पुन्हा तोच पाथ, आणि कंसात १३: परमिशन डिनाइड.

पण परमिशन डिनाइड कोणाला? मी सुडोने चालवतोय, रूटला कोण अडवणार? पॅकेजेस फाइलला ६४४ (सगळ्यांना वाचता येतं) आहे, रेपो फोल्डरला ७५५ (सगळ्यांना आत जाता येतं) आहे, अपग्रेडवाल्या पीसीवर पण हेच आकडे आहेत, आरसिंकने कॉपी केलंय सगळं.

हां आणि एक तिसरा प्रकार पण निघाला, रिसेप्शनच्या पीसीवर रेपो दुसऱ्या हार्ड डिस्कवर आहे, तो अपग्रेडवाला आहे तरी तिथे पण हीच बोंब. तिथे होमचा काही संबंधच नाही. म्हणून मला अजून वाटतंय की ॲप्टमध्येच घोळ आहे.

टर्मिनल_ताई:

मिळालं. नीट वाचा, कारण उत्तर दोन तुकड्यांत आहे.

पहिलं म्हणजे तुम्ही सुडोने चालवता तरी फायली आणायचं काम रूट करत नाही. ॲप्ट १.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, आणणारे जे छोटे प्रोग्राम असतात, एचटीटीपीसाठी एक, फाइलसाठी एक, ते _ॲप्ट नावाच्या वेगळ्या, काहीही अधिकार नसलेल्या युजरच्या नावाने चालतात. कारण साधं आहे, नेटवरून आलेला कुठलाही कचरा रूट म्हणून उघडून बघणं धोक्याचं. उबुंटूमध्ये हे १६.०४ पासून आहे, तुमच्या २०.०४ मध्ये पण होतंच, फक्त तिथे कधी नडलं नाही.

दुसरं, का नडलं नाही? कारण २०.०४ मध्ये नवीन युजर बनवला की त्याचं होम ७५५ व्हायचं, कोणीही आत डोकावू शकायचं. उबुंटू २१.०४ पासून नवीन होम ७५० बनतं, म्हणजे मालक आणि त्याचा ग्रुप सोडून बाकीच्यांना नो एंट्री. आणि मुख्य मुद्दा, अपग्रेड करताना आधीपासून असलेल्या होमच्या परमिशनला हात लावत नाहीत. म्हणून तुमचे अपग्रेडवाले पीसी जुन्या ७५५ वर चालू राहिले आणि फ्रेशवाल्यांवर /होम/लॅब ७५० बनून आलं. तुमच्या फाइलचं ६४४ आणि रेपोचं ७५५ बरोबरच आहे हो, पण फ्लॅटचं दार सताड उघडं असून काय उपयोग, खाली सोसायटीच्या गेटवर वॉचमनच आत सोडत नाहीये.

खात्री करायची तर फ्रेशवाल्या पीसीवर नेमआय -एल आणि पुढे पॅकेजेस फाइलचा पूर्ण पाथ द्या. ती कमांड पाथमधला एकेक टप्पा सुटा करून प्रत्येकाच्या परमिशन दाखवते, फार कमी लोक वापरतात पण असल्या भानगडीत तिच्यासारखी कमांड नाही. /होम ठीक दिसेल, त्याच्या खालच्या लॅबच्या ओळीत शेवटी तीन डॅश दिसतील. मग सुडो -यू _ॲप्ट कॅट करून तीच फाइल उघडायचा प्रयत्न करा, तिथेच डिनाइड येईल. सुडो कॅट ने चेक करून उपयोग नाही, ते रूट म्हणून वाचतं.

डेब सरळ दिल्यावर बसते त्याचं कारण, तिथे ॲप्टला फाइल समोर दिसते, _ॲप्टला ती उघडता येत नाहीये हे कळतं, मग तो सँडबॉक्स (ते _ॲप्टचं कुंपण) सोडून रूट म्हणून काम उरकतो आणि तुम्हाला ती एन: वाली नोटीस देतो. तुमच्या बिनरिलीजच्या रेपोत त्याला हे आधी कळायची सोय नाही, काम _ॲप्टच्या हातात गेल्यावर ते आपटतं.

घोडबंदरकर:

ताई _/\_

नेमआय मारलं, अगदी तसंच, लॅबच्या ओळीत डी, आरडब्ल्यूएक्स, आर-एक्स आणि मग तीन डॅश. अपग्रेडवाल्यावर त्याच जागी आर-एक्स आहे. सुडो -यू _ॲप्ट ने डिनाइड आलं. होम उघडं करण्यापेक्षा मी रेपोच उचलून /एसआरव्ही/रेपो मध्ये टाकला, सोर्सेसची ओळ बदलली, ॲप्ट अपडेट, चालू!! फ्रेशवाले सगळे मार्गी लागतील आता.

पण रिसेप्शनचा पीसी? तिथे होम नाहीये, डिस्क /मीडिया/लॅब/ च्या खाली येते, फाइल मॅनेजरमध्ये क्लिक केलं की माउंट होते ती. नेमआय मध्ये तिथे पण /मीडिया/लॅब च्या ओळीत शेवटी तीन डॅशच दिसतात, पण मग मी लॅब युजरने ती डिस्क कशी काय उघडू शकतो? मालक तर रूट दाखवतोय.

ऐरोली४००७०८:

हे मला माहितीये, मी पण डोकं आपटलंय यावर. एलएस -एलडी मारा /मीडिया/लॅब वर, परमिशनच्या शेवटी एक अधिकची खूण दिसेल, ती नेमआय दाखवत नाही. अधिक म्हणजे तिथे एसीएल (एकेका युजरला वेगळी परवानगी) लावलाय. डेस्कटॉपवर क्लिक करून डिस्क माउंट केली की यूडिस्क्स (डिस्क माउंट करणारी सेवा) तो फोल्डर रूटच्या मालकीचा बनवतो आणि फक्त तुमच्या युजरला एसीएलने आत सोडतो, गेटएफएसीएल मारलं की तुमचं नाव दिसेल. _ॲप्टचं नाव त्यात नाही म्हणून तो बाहेर. पेन ड्राइव्हवर रेपो घेऊन फिरणाऱ्या सगळ्यांना हेच होतं. २०.०४ वर तिथे कसं चालत होतं मग?

घोडबंदरकर:

आता आठवलं, तेव्हा त्या डिस्कची एफएसटॅब (बूटला कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) मध्ये ओळ होती, /डेटा म्हणून माउंट व्हायची. डिस्क बदलली तेव्हा नवीन डिस्कची ओळ टाकलीच नाही कोणी, रिसेप्शनवाल्या मॅडम रोज क्लिक करून उघडत होत्या.

जुना_पेंग्विन:

उशिरा आलो, पण राहवत नाही म्हणून लिहितो. रिग्रेशन म्हणायची घाई करू नये हे खरं, पण घोडबंदरकरांना शंका आली त्यात नवल काहीच नाही, लोकल रेपोवाल्यांना हा अनुभव जुना आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये डेबियनने (उबुंटू ज्यावर बेतलंय ते लिनक्स) ॲप्टसाठी सिक्युरिटी अपडेट काढलं होतं, डीएसए (त्यांची सिक्युरिटी सूचना) ३०२५-१, आणि त्यात खराखुरा रिग्रेशन आला. कोणाला? ज्यांचे फाइल: वाले रेपो ॲप्टच्या स्टेट डिरेक्टरीपेक्षा (तो स्वतःच्या याद्या ठेवतो तो फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर होते त्यांना! लगेच ३०२५-२ काढावं लागलं. त्याच महिन्यात पुढचं डीएसए ३०३१ आलं, त्यात परत दोन रिग्रेशनची दुरुस्ती होती, एक ज्यांनी लिस्ट्सच्या फोल्डरचा पाथ रिलेटिव्ह दिला होता त्यांची, आणि एक सीडीरॉमवरून पॅकेज घेणाऱ्यांची, त्यांना उगाच हॅशसमच्या वॉर्निंग येत होत्या आणि अपडेटनंतर ॲप्ट-सीडीरॉम ॲड पुन्हा चालवा असं सांगितलं होतं. बघा, तिन्ही वेळा कोण सापडलं? कोपऱ्यातले लोक. नेटवरून मिरर वापरणारे लाखो, तिथे काही तुटलं तर तासाभरात बोंब होते, दुसऱ्या डिस्कवर रेपो ठेवणारा एखादा ठाण्यातला क्लास असतो, त्याची बोंब पोचेपर्यंत अपडेट सगळीकडे गेलेलं असतं.

आणि हे एकट्या ॲप्टचं नाही. आर्चमध्ये (दुसरं एक लिनक्स) सप्टेंबर २०२४ मध्ये पॅकमन (त्यांचा ॲप्ट) ७.० आला, त्यांनी पण डाउनलोडसाठी वेगळा युजर केला, एएलपीएम नावाचा, आणि लोकल रेपोवाल्यांसाठी खास बातमी टाकावी लागली की बाबांनो रेपोचा ग्रुप बदला आणि वरच्या फोल्डरांना एक्झिक्यूट बिट द्या. तुमचीच गोष्ट, फक्त नाव वेगळं. फरक एवढाच की त्यांनी वेळेवर सांगितलं. उबुंटूच्या २१.०४ च्या रिलीज नोट्समध्ये होमचं लिहिलेलं होतं, पण एलटीएसवरून (लांब सपोर्टवाली रिलीज, २०.०४, २२.०४ सारखी) एलटीएसवर उड्या मारणारा माणूस मधल्या रिलीजच्या नोट्स कशाला वाचतोय, मी पण वाचत नाही.

खरा रिग्रेशन ओळखायचा असेल तर मशीन तीच ठेवून फक्त पॅकेज मागेपुढे करून बघायचं. इथे तर नशिबाने आयतीच उलटी परीक्षा झाली, पॅकेज तेच आणि मशीन वेगळी. व्हर्जन शेवटच्या आकड्यापर्यंत सेम निघालं तिथेच ॲप्ट सुटला. एलटीएसमध्ये ॲप्ट मागे नेण्याच्या फंदात तर पडूच नका, ज्या टूलने दुरुस्ती करायची तेच टूल मोडून बसाल.

पीसीवाला_पक्या:

काका, एपीटी सँडबॉक्स युजर रूट असं ऑप्शन असतं ना, ते कॉन्फिगमध्ये टाकलं की विषय संपला? कुठे फोल्डर हलवत बसता.

टर्मिनल_ताई:

असतं, आणि निदानासाठी चांगलं आहे. एकदाच -ओ लावून चालवून बघायचं, चाललं तर कळतं की अडचण परमिशनचीच आहे. पण कॉन्फिगमध्ये कायमचं टाकलं तर नेटवरच्या रेपोसाठी पण सँडबॉक्स गेला की, एका फोल्डरासाठी. होममध्येच ठेवायचं असेल तर सेटएफएसीएल ने फक्त _ॲप्टला /होम/लॅब वर एक्स द्या, नुसतं एक्स, आर नको, म्हणजे तो आतून जाऊ शकेल पण काय काय आहे त्याची यादी काढू शकणार नाही. मला तरी /एसआरव्ही च बरं वाटतं.

आणि घोडबंदरकर, प्रत्येक पीसीवर आरसिंक करत बसण्यापेक्षा एकाच पीसीवर रेपो ठेवून एनजिनएक्सने (वेब सर्व्हर) लॅबच्या लॅनवर वाटा, सोर्सेसमध्ये फाइल: च्या जागी एचटीटीपी आणि त्या पीसीचा आयपी. मग _ॲप्टच्या परमिशनचा प्रश्न क्लायंटवर येतच नाही. वाटल्यास त्याच मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी टाका, ३१४२ पोर्टवर बसतो, उबुंटूचं एखादं अपडेट पहिल्या पीसीने ओढलं की बाकीच्यांना लॅनवरून मिळतं. फायबर तुटलेली असली तरी आधी ओढलेलं तिथे असतंच.

घोडबंदरकर:

हे कॅशरचं भारीच आहे, सरांना विकतो ही आयडिया. म्हणजे बग टाकायचा नाही ना मग?

ऐरोली४००७०८:

टाकायचा, असं माझं मत. वागणं बरोबर असेल, पण मेसेज? फाइल नॉट फाउंड असं ठणकावून सांगतो आणि खरं कारण कंसात ढकलतो. १३ म्हणजे परमिशन नाही, खरंच फाइल नसती तर तिथे २ आला असता. हे ज्याला माहीत तोच कंस वाचणार, बाकीचे फाइल शोधत बसणार. घोडबंदरकरांनी काय वेगळं केलं?

जुना_पेंग्विन:

मेसेजबद्दल सहमत. पण मग बग तसाच लिहा, मेसेज दिशाभूल करतो म्हणून, आणि रिग्रेशनचा टॅग लावू नका. लाँचपॅडवर रिग्रेशन-रिलीज आणि रिग्रेशन-अपडेट असे वेगळे टॅग असतात, पहिला नव्या रिलीजमध्ये बिघडलं तर आणि दुसरा स्टेबलमधल्या अपडेटने बिघडवलं तर. चुकीचा लावला की बघणारा आधी तेच खोडत बसतो आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. उबुंटू-बग ॲप्ट या कमांडने टाका, व्हर्जन वगैरे आपोआप जोडलं जातं. त्यात कॉपी-पेस्ट करून तीन गोष्टी द्या, एररची पूर्ण ओळ, नेमआयचं आउटपुट, आणि रेपो /एसआरव्ही मध्ये हलवल्यावर चाललं हे. आधी कोणी टाकलाय का ते शोधा, असला तर त्यालाच मलाही होतंय करा. ॲप्टच्या सोर्समध्ये टेस्ट, त्याच्या आत इंटिग्रेशन असा फोल्डर आहे, जुन्या बगांच्या शेल स्क्रिप्ट पडल्यात तिथे, अपडेट काढण्याआधी त्या चालवतात. तुमच्या रिपोर्टवरून कोणी एक स्क्रिप्ट लिहिली तर पुढच्या वेळी कोपऱ्यातल्या लोकांचं पण तपासलं जाईल.

घोडबंदरकर:

ठीक, रविवारी बसून टाकतो, लिंक इथे देईन. रिसेप्शनच्या डिस्कची एफएसटॅबमध्ये यूयूआयडीने (डिस्कचा स्वतःचा ओळख नंबर) ओळ टाकली, आता बूटलाच /एसआरव्ही/रेपो वर माउंट होते, अपडेट चाललं.

टर्मिनल_ताई:

त्या ओळीत नोफेल (डिस्क नसली तरी बूट पुढे जाऊ दे) लिहिलंय का? नसेल तर आजच टाका. नाहीतर ज्या दिवशी ती डिस्क सुटी होईल किंवा केबल हलेल त्या दिवशी सिस्टमडी (पीसी बूट करणारा प्रोग्राम) दीड मिनिट डिस्कची वाट बघत बसेल आणि मग पीसी इमर्जन्सी मोडला जाऊन पडेल, आणि रिसेप्शनवाल्या मॅडम तुम्हाला सकाळी साडेसातला फोन लावतील.

घोडबंदरकर:

नव्हतं. टाकलं.